घरातल्या हवेचा रोजमेळ

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचा खोकला तिसऱ्या महिन्यात गेला. दिवसा शाळेत, खेळात ती ठीक असे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास मात्र उठून बसे आणि एकदा ढास लागली की अर्धा-पाऊण तास थांबत नसे. तिला मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला तपासले, नळीत फुंकायला लावले, दम्याकडे झुकणारा त्रास असल्याचे सांगितले आणि स्पेसरमधून, म्हणजे तोंडाला लावायच्या नळकांड्यातून, घ्यायचा इन्हेलर लिहून दिला. मग चिठ्ठी बाजूला ठेवून ते माझ्याकडे वळले आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागले. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, रात्री डासांची कॉइल लावता का, देवघर कोणत्या खोलीत आहे, भिंतींना ओल आहे का, आंघोळीचे पाणी कशावर तापते. पहिल्या प्रश्नाला मी ताठ मानेने ‘नाही’ म्हणालो. पुढच्या प्रत्येक उत्तरागणिक मान खाली जात गेली. ‘औषध मी देतो, हवा तुम्ही बघा,’ एवढेच ते शेवटी म्हणाले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. आजोबांनी बांधलेले, दीड फूट जाडीच्या भिंतींचे, मागे छोटे परस आणि त्यात तुळस. हवा वाईट असेल तर ती बाहेरून येते, असा माझा ठाम समज होता आणि त्याला आधारही होता. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही त्यांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात पाचट पेटते आणि सकाळी गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे काळे तंतू दिसतात. म्हणून दिवाळी झाली की आम्ही खिडक्या गच्च लावून घेत असू आणि आपण मुलीला जपतो आहोत असे समजत असू.

हवा मोजायची ठरवल्यावर पहिली चूक स्वस्ताईची झाली. इंटरनेटवरून मागवलेल्या पहिल्या यंत्रावर सहा निरनिराळे आकडे झळकत होते, त्यांत कार्बन डायऑक्साइडही होता. दुसऱ्याच दिवशी मुलीने नखे रंगवायची बाटली उघडली आणि हा आकडा ६०० वरून थेट २,००० च्या पुढे उडाला. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड कसा निघेल? माहितीपत्रक भिंगाखाली धरून वाचले तेव्हा उलगडा झाला. त्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड मोजणारा भागच नव्हता. हवेतल्या उडून जाणाऱ्या रसायनांवरून ते या वायूचा नुसता अंदाज बांधत होते. ते परत पाठवले आणि सुमारे साडेतीन पट किमतीचे दुसरे घेतले. त्यात कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर होता आणि धुळीसाठी कणांवरून उसळणारा लेसरचा प्रकाश मोजणारा. आल्या आल्या ते गच्चीवर नेऊन तासभर उघड्यावर ठेवले. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. यंत्राने ४३८ दाखवला, तेव्हा मी त्याला घरात घेतले.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. आवक-जावक मांडल्याशिवाय शिल्लक कळत नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे. म्हणून एक जुनी वही काढून तिचा रोजमेळ केला: डाव्या पानावर तासातासाचे आकडे आणि उजव्या पानावर त्या तासात घरात काय घडले त्याची नोंद. फोडणी, केर काढणे, उदबत्ती, कॉइल, खिडकी उघडी की बंद, खोलीत माणसे किती. यंत्र पंख्याच्या झोतात किंवा खिडकीच्या तोंडाशी न ठेवता मुलीच्या उशीच्या उंचीवर, पलंगापासून हातभर अंतरावर स्टुलावर ठेवले, कारण छताजवळच्या हवेशी आम्हाला काही कर्तव्य नव्हते. हा प्रकार दोन आठवडे चालला. आज मागे वळून पाहता उजवे पान हेच खरे यंत्र होते असे मला वाटते. नुसते आकडे पाहिले असते तर मी पाचटाला शिव्या देत बसलो असतो.

इथे मुख्य आकडा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याचे हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. भारताच्या मानकाप्रमाणे २४ तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच मर्यादा १५ वर आणली. या दोन्ही मर्यादा पूर्ण दिवसाच्या सरासरीसाठी आहेत हे ध्यानात ठेवावे लागते, नाही तर तव्यावरच्या दहा मिनिटांच्या धुराने दिसलेला ३०० चा आकडा पाहून माणूस उगाच घाबरतो.

पहिल्या आठवड्यातच हिशेब उलटा निघाला. दुपारी, खिडक्या उघड्या असताना खोलीत ३०-३५ असायचे. रात्री साडेनऊला खिडक्या बंद करून कॉइल पेटवली की पंधरा मिनिटांत आकडा शंभर ओलांडायचा, अकराच्या सुमारास चारशेच्या घरात जायचा आणि पहाटेपर्यंत हळूहळू उतरायचा. रात्रीच्या आठ तासांची सरासरी १८० आणि उरलेल्या सोळा तासांची ३५ धरली तर दिवसाची सरासरी ८३ येत होती. म्हणजे मुलीच्या वाट्याला येणाऱ्या एकूण धुळीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकट्या झोपेच्या वेळेत, आम्हीच पेटवलेल्या त्या हिरव्या वेटोळ्यातून येत होती. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. विडी-सिगारेटच्या प्रश्नाला मी कोणत्या तोऱ्यात उत्तर दिले होते, ते ही ओळ वाचताना आठवले.

दुसरा आकडा कार्बन डायऑक्साइडचा होता. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघे झोपतो. रात्री दहाला ६५० असलेला आकडा पहाटे पाचला २,३०० वर पोहोचलेला असे. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. पण आपण एकमेकांनी सोडलेलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत आहोत, बाहेरची हवा आत येतच नाही, याची ती खूण आहे. १,००० च्या आत राहिला तर वायुवीजन बरे आहे असे ढोबळमानाने मानतात. सकाळी डोके जड होऊन उठायची मला वर्षानुवर्षे सवय होती आणि त्याचा दोष मी यार्डातल्या दगदगीला देत आलो होतो.

कॉइल त्याच रात्री बंद झाली. खिडक्यांना बारीक जाळी बसवली, पलंगाला मच्छरदाणी लावली आणि रस्त्याकडची खिडकी चार बोटे उघडी ठेवायला सुरुवात केली. रात्रीचा कणांचा आकडा तीस-चाळीसवर आला, कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आसपास थांबला. या कामाला सगळ्यांत कमी पैसे लागले आणि सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला, हे जमा-नावे मांडल्यावर स्वच्छ दिसते. विजेवर तापणारी द्रवाची बाटलीही आम्ही बंद केली. तिच्याने कण फारसे वाढत नव्हते, पण जाळी आणि मच्छरदाणी असताना मुलीच्या उशाशी कीटकनाशक रात्रभर उडवत ठेवायचे कशाला?

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळीच निघाली. आमच्याकडे २०१८ पासून चिमणी आहे, त्यामुळे तिथली काळजी मिटली असे आम्ही समजून चाललो होतो. पण मिरची-लसणाच्या फोडणीला चिमणी सुरू असूनही आकडा ३५० च्या वर जायचा आणि मूळ पदावर यायला दोन तास लागायचे. जाळ्या धुऊन पाहिल्या, फरक नाही. मग एका रविवारी पत्नी म्हणाली, ‘अहो, वर माळ्यावर जाऊन बघा बरं, मागच्या दिवाळीत परात काढली तर तिला हात चिकटत होता.’ शिडी लावून माळ्यावर चढलो आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. आजीचा तांब्याचा हंडा, परात, सतरंजीची गुंडाळी, सगळ्यांवर मधासारखा चिकट तपकिरी थर बसलेला होता आणि त्यावर धूळ बसून त्याची लव झाली होती. कोपऱ्यात चिमणीची चंदेरी नळी तोंड उघडे टाकून पडली होती. बसवणाऱ्याने दीड फुटी भिंत फोडायचा कंटाळा करून नळी माळ्यावर नेऊन सोडली होती. चार वर्षे चिमणी ओट्यावरचा धूर माळ्यावर नेत होती आणि माळ्याच्या फटींतून तो शेजारच्या निजायच्या खोलीत उतरत होता.

बसवणाऱ्याशी भांडायला आता उशीर झाला होता. कोअर कटिंगवाला बोलावून भिंतीला सहा इंची भोक पाडून घेतले. पाण्याची धार सोडत त्याने तासाभरात भिंत आरपार केली आणि आजोबांच्या काळच्या विटांचा एक गोल, तांबडा तुकडा माझ्या हातात ठेवला. नळी शक्य तितकी सरळ आणि आखूड ठेवून बाहेर काढली, तोंडाला उलटा वारा अडवणारी झडप लावली. तरीही पहिल्या दिवशी निम्माच फरक पडला. कारण साधे होते: चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी आत यायला वाट लागते, आणि आम्ही तर दारे-खिडक्या लावून बसलो होतो. परसाचे दार चार बोटे उघडे ठेवून तीच फोडणी केली तेव्हा आकडा ११० वर अडला आणि वीस मिनिटांत खाली आला. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, जो दम्याच्या मुलांना बाधतो आणि आमच्या यंत्राला दिसत नाही. म्हणून आता नुसते दूध तापवायचे असले तरी चिमणी लावली जाते.

देवघराचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आई ७२ वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ दोन उदबत्त्या आणि गुरुवारी धूप हा तिचा नेम. आकडे तिला दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, तुझे बाबा, तू, सगळे याच धुरात वाढलात, तेव्हा कुणाला नाही झालं काही?’ माझ्याकडे उत्तर होते, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हाचे माजघर वर कौलांचे होते आणि धूर कौलांतून निघून जात होता. स्लॅब १९९६ मध्ये पडला. हे मी तिला बोलता बोलता, चार दिवसांनी सांगितले. आठवडाभराने पाहिले तर उदबत्तीचे घर देवघरातून उठून तुळशीपाशी गेले होते आणि आत फक्त तुपाचे निरांजन होते. निरांजनाचाही थोडा धूर असतो, पण तो मोजायला यंत्र लावायचे मी टाळले. गुरुवारचा धूप अजून आतच असतो. त्या दिवशी खिडक्या सताड उघडून मुलीला तासभर गच्चीवर पाठवतो.

आता भिंतीकडे येतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, म्हणजे धोक्याच्या पातळीपेक्षा बारा फूट वर. आमच्या तळमजल्यात साडेचार फूट पाणी होते. ते ओसरल्यावर भिंती वाळायच्या आत, दिवाळीच्या घाईत, आम्ही सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक रंग लावला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या वेळी नुसता रंगाचा हात फिरवला. तेव्हापासून पोपडे निघत होते, लोणा फुटत होता आणि आम्ही त्यावर प्लायवूडचे कपाट सरकवून ठेवले होते. ते मुलीच्या उशाशी होते.

यंत्राने इथे अर्धेच सांगितले. खोलीच्या मध्यभागी आर्द्रता ५८ टक्के असताना कपाटामागे ७९ टक्के दिसली, पण कणांचा आकडा हलला नाही. बुरशीचे बीजाणू धुराच्या कणांच्या मानाने संख्येने फार थोडे आणि आकाराने बहुधा मोठे असतात, त्यामुळे पीएम २.५ मध्ये त्यांचा पत्ता लागत नाही. ज्याला दमा आहे त्याला मात्र ते थोडेसुद्धा पुरतात. पत्ता लागला तो नाकाला. कपाट भिंतीपासून वीतभर ओढले आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट दर्प आला. मागच्या प्लायवर वाटीएवढाली काळी-हिरवी वर्तुळे एकमेकांत मिसळलेली होती.

ओल जमिनीतून चढते की खोलीतली वाफ भिंतीवर बसते, हे पाहण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवला. दोन दिवसांनी थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला होते. पाणी भिंतीतूनच येत होते. गवंडी म्हणाला, ‘मालक, टाइल लावून टाका, दिसायचंच नाही.’ त्याचा सल्ला सोपा होता, पण झाकलेले पाणी टाइलच्या वर चढते एवढे कळण्यापुरते आम्ही पोळलो होतो. मुलीला आणि आईला आठ दिवस आत्याकडे पाठवले, खोलीचे दार ओल्या चादरीने बंद केले, एन ९५ मुखपट्टी लावून बुरशीवर आधी पाणी फवारले म्हणजे ती उडणार नाही, आणि कपाट तिथेच तोडून पिशव्यांत भरून बाहेर काढले. नुसते ब्लीच मारून ठेवण्याचा उपाय अनेकांनी सुचवला होता. गुळगुळीत फरशीवर तो चालतो, पण गिलाव्यासारख्या पाणी पिणाऱ्या पृष्ठभागावर वरचा डाग पुसला जातो आणि मूळ ओल तशीच राहते. पाच फुटांपर्यंतचा गिलावा उतरवला, बाहेर परसातल्या फरशीचा भिंतीकडे झुकलेला उतार उलटा करून घेतला आणि मार्च ते मे अशा तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात विटा उघड्या ठेवल्या. तीन महिने उघड्या विटांच्या खोलीत राहणे पाहुण्यांपुढे अवघड झाले, पण भिंतीला तेवढा वेळ २०१९ मध्येच द्यायला हवा होता. शेवटी चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. ‘चुन्याचं काम आता कोण करतंय?’ म्हणत म्हणत त्याच गवंड्याने ते केले आणि चांगले केले. चुना भिंतीतली ओल कोंडत नाही, ती हवेत सोडून देतो. त्या पावसाळ्यात उशाशी आर्द्रता ६५ च्या वर गेली नाही. तिथे आता कपाट नाही, भिंतीपासून वीतभर अंतरावर नुसता पलंग आहे.

डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न आंघोळीच्या पाण्याचा होता. आमचा गॅस गीझर न्हाणीघरात होता, आणि न्हाणीघराची झरोक्याची काच थंडीसाठी कायम बंद. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. आमचे यंत्र तो मोजतही नव्हते. या बाबतीत आकड्यांची वाट न पाहता गीझर दुसऱ्याच दिवशी परसातल्या उघड्या भिंतीवर हलवला.

एवढे सगळे झाल्यावर हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले, आधी नाही, आणि हा क्रम बरोबर होता असे मी म्हणेन. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळून निघावी तर ताशी १७० घनमीटरची क्षमता हवी. जाहिरातीतल्या क्षमता यंत्र पूर्ण वेगावर असतानाच्या असतात आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून दीडपट क्षमतेचे घेऊन मधल्या वेगावर चालवतो. पाचट जळते त्या रात्री खिडकी लावून ते सुरू करतो. ते कण गाळते, कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. म्हणून धूर विरला की खिडकी पुन्हा चार बोटे उघडते. शेजाऱ्यांनी मुलीसाठी आपुलकीने आणून दिलेली हवा शुद्ध करणारी रोपे मात्र गच्चीवर गेली. बंद काचपेटीत झाड वायू शोषते हे खरे असले तरी साध्या खिडकीएवढे काम करायला खोलीत झाडांचे जंगल लागते, आणि कुंडीतली माती ओल वाढवते.

वहीत एक नोंद माझ्याही नावे निघाली. संध्याकाळी सातच्या सुमारास, काहीही पेटलेले नसताना, जाडसर कणांचा म्हणजे पीएम १० चा आकडा रोज उसळी घ्यायचा. उजव्या पानावर त्या वेळेसमोर एकच ओळ असे: ‘मी घरी आलो.’ यार्डातून आलेला सदरा खुंटीला अडकवताना झटकला जात होता आणि हळदीची धूळ खोलीभर होत होती. आता सदरा परसातच उतरतो.

जुलैत डॉक्टरांनी मुलीच्या इन्हेलरची मात्रा कमी केली. त्यात औषधाचा वाटा किती आणि हवेचा किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. रात्रीची ढास मे महिन्यापासून लागलेली नाही.

पहाटे पावणेसहाची एक उसळी अजून शिल्लक आहे. मागच्या घरातले काका त्या वेळी बंब पेटवतात. लाकडे, नारळाच्या करवंट्या आणि वर पेट घ्यायला प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, सगळी पाने निगुतीने पाहिली आणि पिशव्या टाकणे त्याच दिवशी थांबवले. बंब मात्र सुटणार नाही म्हणाले. मी साडेपाचचा गजर लावतो, मुलीची खिडकी बंद करतो आणि आठ वाजता पुन्हा उघडतो.